रुखई ओळखणारं दशक

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठेचलेल्या सापाचा फोटो आला. खाली एकच प्रश्न : विषारी होता का? साप रुखई होता. बिनविषारी, झाडावर राहणारा, दिवसाउजेडी पाली-सरडे-बेडूक खाणारा. प्रश्न आधी विचारला असता तर जीव वाचला असता, ही खंत मनातून जात नाही.

दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने १८०३ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढची पावणेदोनशे वर्षं सामान्य माणसापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तरी साप दिसला की काठी हा शिरस्ता कायम राहिला.

बदल घडला तो ऐंशीच्या दशकात. रोम्युलस व्हिटेकर यांचं भारतीय सापांवरचं छोटेखानी पुस्तक १९७८ मध्ये आलं होतं. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले आणि साप उगाच चावत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आम्ही तरुण पोरं स्लाइड प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळांतून फिरायचो.

तिथे रुखईला हमखास वेळ द्यायचो. चाबकासारखं सडपातळ अंग, डोक्यापासून शेपटीकडे गेलेला तांबूस-तपकिरी पट्टा, मोठे डोळे, गोल बाहुली. डिवचली की अंग फुगवते आणि खवल्यांच्या फटींतून आभाळी निळा रंग चमकतो. पोटाच्या खवल्यांना दोन्ही बाजूंनी कंगोरे असतात. ते खडबडीत सालीत अडकवत ती सरळ खोडावर चढते. हिरवागार, टोकदार तोंडाचा, आडव्या बाहुलीचा हरणटोळ वेगळा. तो टाळू फोडतो ही निव्वळ भाकडकथा. मुलं हे फरक पटापट सांगायची, घरी जाऊन आजोबांना पटवायची.

तेव्हाही सगळे आमच्या बाजूचे नव्हते. एका दैनिकाने रुखईचा फोटो ‘उडणारा विषारी साप’ म्हणून छापला आणि आमचं खुलाशाचं पत्र केराच्या टोपलीत टाकलं. मंडळांना व्याख्यानापेक्षा फडा काढलेला नाग स्टेजवर हवा असे. आमच्यातल्याच काहींनी टाळ्यांसाठी तो नेला. त्यांनी चळवळीचं जे नुकसान केलं, ते मी आजही माफ करत नाही.

नव्वदीनंतर सर्पमित्र वाढले, पण समजावून सांगणं आटलं. आज साप हातात धरून रील निघते, लाइक पडतात, बघणारा कोराच राहतो. रस्ते रुंद होताना जुनी वड-आंब्याची झाडं गेली. रुखईचा निवाराही गेला.

विषारी का, हा प्रश्न रास्तच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशाने माणसं आजही दगावतात. दंश झाला तर तडक दवाखाना गाठायलाच हवा. पण त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत लांब उभं राहण्याचा धीर आम्ही एका पिढीला शिकवला होता. शाळांनी दर जूनमध्ये सापांसाठी एक तास राखून ठेवावा. तो तास घ्यायला मी आजही येईन.