लाकडावर कोरलेली शहरे

अ‍ॅना ओस्त्रोउमोवा-लेबेदेवा (१८७१–१९५५) यांनी रंगीत काष्ठठशाला रशियात स्वतंत्र कलेचे स्थान मिळवून दिले. तोवर तिथला लाकूड कोरणारा कारागीर बहुधा दुसऱ्याचेच चित्र पुस्तकासाठी उतरवून देई. सेंट पीटर्सबर्गला वसिली माते यांच्याकडे त्या कोरीवकाम शिकल्या, पुढे कला अकादमीत चित्रकार रेपिन यांच्या विद्यार्थिनी झाल्या. १८९८-९९ मध्ये पॅरिसला चित्रकार व्हिसलर यांच्याकडे त्यांनी मोजक्या रंगांची शिस्त उचलली. जपानी ठशांचाही त्यांच्यावर खोल परिणाम झाला. दम्यामुळे तैलरंगांचा वास सोसेना, म्हणून जलरंग आणि लाकूड हीच त्यांची माध्यमे ठरली.

काष्ठठशाच्या कामात कोरून काढलेला भाग कागदावर कोरा राहतो, उरलेला छापला जातो. ठसा उलटा उमटतो, त्यामुळे पूल, मनोरे, नदीचे वळण सारे लाकडावर उजव्याचे डावे करून आखावे लागते. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा. ते एकावर एक बिनचूक बसले नाहीत, तर भिंतीचा रंग आभाळात घुसतो. चुकून जास्त कोरले गेलेले लाकूड परत भरून येत नाही. म्हणून तपशील आधीच गाळावा लागतो. कोयनानगरचे पावसाळी दृश्य घ्या: धरणाची आडवी भिंत, मागे डोंगररांगा, वर ढग. तीन ठोकळ्यांत ते मावेल. पानन्‌पान कोरायला गेले तर बिघडेल.

परदेशांत त्या मुख्यतः जलरंगांत काम करत. ते प्रवासात सोयीचे. इटलीतून मात्र ‘फिएझोले’ (१९०४) हा रंगीत ठसाही आला. १९१३ मध्ये हॉलंड-बेल्जियम, १९१४ मध्ये स्पेन झाले. ही चित्रे सुंदर आहेतच. तरीही ‘शेअरबाजाराच्या खांबांमधून नेवा’ (१९०८) या ठशातले पीटर्सबर्ग अधिक पक्के वाटते: जवळच्या जाड खांबांमधून दिसणारी नदी आणि पैलतीर, बस्स. जन्मगावातले काय गाळायचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

पती सर्गेई लेबेदेव हे कृत्रिम रबर बनवणारे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे १९३४ मध्ये निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला (म्हणजेच पीटर्सबर्गला) पडलेल्या वेढ्यातही अ‍ॅना शहर सोडून गेल्या नाहीत. आठवणी लिहीत राहिल्या. या आठवणींचे तीन खंड १९३५, १९४५ आणि १९५१ मध्ये निघाले. रशियन वाचता येणाऱ्या मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्याने ते जरूर वाचावेत.