वेलस्ली: गाविलगडापर्यंत आलेल्या एका आडनावाची कुळकथा

चिखलदऱ्याला आलेला माणूस गाविलगड पाहिल्याशिवाय सहसा परत जात नाही. शार्दूल दरवाजावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड बघायचा, पडक्या तटावरून खालच्या दऱ्या न्याहाळायच्या आणि किल्ला कसा पडला ते ऐकायचे. तारीख 15 डिसेंबर 1803. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजांचा सेनापती होता जनरल आर्थर वेलस्ली. शाळेच्या पुस्तकात तैनाती फौजेच्या धड्यात भेटणारा लॉर्ड वेलस्ली हा त्याचा थोरला भाऊ रिचर्ड.

हे आडनाव आपण किती वेळा वाचतो, पण त्याचा अर्थ काय, ते कुठून आले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो विचारण्यासारखा आहे. या एका नावाचा माग काढला की इंग्रजी आडनावे कशी घडतात, कशी झिजतात आणि एका घरातून दुसऱ्या घरात कशी जातात, हे सगळे ओळीने समजत जाते.

आडनावांचे चार झरे

इंग्लंडमध्ये पूर्वी माणसाला एकच नाव असे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर जमिनीच्या नोंदी, वारसा आणि कर यांसाठी माणूस नेमका ओळखण्याची गरज वाढली. आधी जमीनदारांनी आणि मग हळूहळू साध्या लोकांनी दुसरे नाव लावले. पुढच्या तीनएकशे वर्षांत ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. ही नावे मुख्यतः चार झऱ्यांतून आली, आणि चारही प्रकार दाखवायला आपल्या मुलखाशी संबंध आलेली माणसेच पुरेशी आहेत.

पहिला झरा बापाच्या नावाचा. गाविलगडाच्या वेढ्यात उत्तरेकडून चालून आलेला कर्नल स्टीव्हन्सन म्हणजे स्टीव्हनचा मुलगा. 1823 मध्ये चिखलदऱ्याच्या पठारावर आलेला हैदराबाद फौजेचा कॅप्टन रॉबिन्सन म्हणजे रॉबिनचा मुलगा, आणि रॉबिन हे रॉबर्टचे लाडाचे नाव. दुसरा झरा धंद्याचा. नळदुर्गला राहून गेलेल्या मेडोज टेलरचे आडनाव सरळ ‘शिंपी’ असे आहे. तिसरा टोपणनावाचा. गाविलगडाच्या आतल्या तटाला शिड्या लावून आपली तुकडी वर चढवणारा कॅप्टन कॅम्पबेल स्कॉटिश होता. त्याचे आडनाव गेलिक भाषेतले असून त्याचा अर्थ ‘वाकड्या तोंडाचा’. आपल्याकडच्या काळे, गोरे, कडू यांच्या जातीचेच ते आहे. चौथा झरा गावाचा, आणि वेलस्ली हे नाव त्यातले.

झऱ्याजवळचे रान

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचे लहानसे शहर आहे. ‘वेल’ म्हणजे झरा. तिथल्या कॅथेड्रलशेजारी जमिनीतून पाण्याचे झरे आजही वाहतात आणि शहराचे नाव त्यावरूनच पडले. या शहराला लागून वेलस्ली नावाची वस्ती होती. शेवटचे ‘ली’ हे जुन्या इंग्रजीतले ‘लेआह’. त्याचा अर्थ रान, किंवा रान तोडून मोकळी केलेली जागा. झऱ्याजवळचे रान, इतका साधा अर्थ.

तिथल्या जमीनदारांच्या नावामागे सुरुवातीला नॉर्मन फ्रेंचमधले ‘द’ लागत असे. ‘द वेलस्ली’, म्हणजे वेलस्लीचे. आपला ‘कर’ प्रत्यय जे काम करतो तेच हे काम. पुढे ‘द’ गळून पडला आणि नुसते गाव उरले. असे आपल्याकडे ‘कर’च्या बाबतीत क्वचित होते, इंग्रजीत मात्र सर्रास झाले. म्हणून ‘ली’, ‘टन’, ‘हॅम’ अशा शेवटांची इंग्रजी आडनावे दिसली की त्यामागे एखादे गाव आहे असे बहुधा समजावे.

या घराण्याची एक शाखा मध्ययुगातच आयर्लंडला गेली आणि मीथ परगण्यात डँगन इथे जमिनी राखून राहिली. पिढ्या गेल्या तसे बोलण्यात आणि लिहिण्यात नाव झिजले. वेलस्लीचे वेस्ली झाले. आपल्याकडे एकाच भावकीत कुणी वानखडे लिहितो तर कुणी वानखेडे, तसेच हे. ज्याने नोंद केली त्याच्या कानाला जे ऐकू आले ते कागदावर उतरले.

नाव राहिले, घराणे बदलले

आता या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गाविलगड घेणारा आर्थर बापाच्या बाजूने मुळात वेलस्ली नव्हताच.

आयर्लंडमध्ये कॉली नावाचे दुसरे इंग्रज घराणे होते. कॉलींची मुलगी वेस्लींकडे दिलेली होती. डँगनचा मालक गॅरेट वेस्ली 1728 मध्ये निपुत्रिक वारला आणि जमीनजुमला त्याच्या नात्यातल्या रिचर्ड कॉलीकडे आला. जमीन घ्यायची तर नावही चालवायचे, म्हणून कॉलीचा वेस्ली झाला. त्याआधी हा वारसा इंग्लंडमधल्या चार्ल्स वेस्लीला, म्हणजे पुढे मेथडिस्ट पंथाचा मोठा भजनकार झालेल्या माणसाला देऊ केला होता आणि त्याने तो नाकारला, असे सांगतात.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा ज्या घरात जातो त्या घरचे नाव लावतो, आणि वतनाबरोबर देशमुख, देशपांडे ही नावे चालत येतात. इंग्रज जमीनदारांत दत्तकविधान नव्हते, पण मृत्युपत्रातल्या अटीने तेच साधले जाई. आर्थरच्या दुसऱ्या भावाचेच उदाहरण बघा. विल्यमला 1781 मध्ये पोल घराण्याची इस्टेट मिळाली आणि तो वेलस्ली-पोल झाला. त्याच्या मुलाने श्रीमंत वारसदार मुलीशी लग्न केले, तेव्हा त्याचे आडनाव पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे चार कप्प्यांचे झाले. प्रत्येक कप्प्यामागे एकेका घराण्याची मालमत्ता उभी होती.

सही बदलली ती हिंदुस्थानात

रिचर्ड कॉलीचा नातू म्हणजे लॉर्ड वेलस्ली. नाव मूळ रूपात लिहायची सुरुवात त्याने केली. वेलस्ली हे रूप जुन्या नॉर्मन जमीनदारांची आठवण देणारे, म्हणून ते त्याला आपलेसे वाटले असणार. धाकटा आर्थर मात्र बरीच वर्षे वेस्लीच होता. 1797 च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला उतरला तो कर्नल आर्थर वेस्ली म्हणून. पुढच्या वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला आणि 1798 च्या मे महिन्यात आर्थरने पहिल्यांदा ‘वेलस्ली’ अशी सही केली.

म्हणजे हिशेब असा. 1803 मध्ये असईची लढाई झाली, मग 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची, मग गाविलगडाचा पाडाव. त्यानंतर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावला भोसल्यांशी तह झाला आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. या सगळ्या काळात जे नाव वऱ्हाडात गाजत होते, ते त्या घराण्यात येऊन 75 वर्षे झाली होती आणि आर्थरची तशी सही जेमतेम साडेपाच वर्षांची होती. मुलूख जिंकणारे आणि तहांच्या कागदांवर उमटणारे हे नाव रक्ताने नव्हे, तर वारशाने आणि निवडीने आलेले होते.

वेलस्लीचा वेलिंग्टन

गोष्ट इथेही थांबत नाही. 1809 मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या विजयानंतर आर्थरला सरदारकी द्यायची ठरली. तो रणांगणावर होता, म्हणून किताबासाठी नाव शोधायचे काम भाऊ विल्यमकडे आले. त्याने नकाशात वेलस्लीशी मिळतेजुळते नाव शोधले आणि त्याच सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावाचे नाव घेतले. 1814 मध्ये आर्थर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. न्यूझीलंडच्या राजधानीला आणि निलगिरीतल्या लष्करी ठाण्याला त्याचेच नाव आहे.

आणि टाकून दिलेले कॉली? तेही परत आले. सगळ्यात धाकटा भाऊ हेन्री याला 1828 मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा त्याने किताब घेतला ‘बॅरन काउली’. शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी उतरवून ठेवलेल्या आडनावाचेच हे दुसरे रूप.

आपल्या आडनावाचे काय?

वेलस्लींची ही कुळकथा इतकी नेमकी सांगता येते, कारण त्यांचे कागद राहिले. गाविलगडाच्या तटाखाली मेलेल्या शिपायांची नावे अशी राहिली नाहीत. मेळघाटातल्या कोरकूंमध्ये झाडांवरून पडलेली कुळनावे आहेत. जांबू हे कुळ जांभळाचे. या नावांमागेही इतिहास आहे, पण तो कागदावर कमी आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जास्त आहे. तो ऐकून लिहून ठेवला नाही तर त्या माणसांबरोबर जाईल.

म्हणून एक विनंती. या सुट्टीत चिखलदऱ्याला जाल तेव्हा गाविलगड जरूर बघा, आणि घरी परतल्यावर आपल्या आडनावाचाही माग काढा. तहसील कार्यालयात जुने कोतवाल बुक असते, शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते, घरात जुनी खरेदीखते असतात. आजोबांचे, पणजोबांचे आडनाव तिथे कसे लिहिले आहे ते बघा. ते आजच्यासारखेच असेल असे धरून चालू नका. वेगळे दिसले तर ‘चूक’ म्हणून सोडून देऊ नका. ते कोणत्या वर्षी बदलले आणि कुणी बदलले, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, आणि त्यांनी सांगितलेले त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा.