गोठ्यांतील जळण आणि देशाचें परावलंबन

मीठ, कापड व थोडेंबहुत तेल यांवाचून शेतकऱ्याच्या घरीं बाजारांतून फारसें कांहीं येत नसे, असा एक काळ होता. आज चुलीचा गॅस व पिकाचें खत हीं दोन्ही बाहेरून येतात. आणि तीं नुसतीं गांवाबाहेरूनच नव्हे, तर बऱ्याच अंशीं देशाबाहेरून येतात, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून आणावें लागतें. स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग आयातीचा आहे. युरिया करण्यास नैसर्गिक वायु लागतो. देशांत खपणाऱ्या या वायूचा सुमारें निम्मा भाग द्रवरूपानें बोटींतून येतो. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें तेव्हां, व २०२२ सालीं युक्रेनांत युद्ध पेटलें तेव्हां, दूरच्या कलहाची झळ आपल्या बांधापर्यंत कशी येते हें दिसून आलें.

या परावलंबनाचा सगळा भार शेतकरी हलका करूं शकणार नाहीं. मालमोटारी व कारखाने कांहीं आपल्या गोठ्यावर चालावयाचे नाहींत. परंतु चूल आणि खत या दोन बाबतींत उपाय आपल्या दारांतच आहे. तो म्हणजे गोबरगॅस.

हा उपाय नवा नाहीं. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास शेणापासून वायु काढण्याचे प्रयोग झाले. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टाकीचें संयंत्र तयार केलें व खादी-ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. लोखंडी टाकी महाग पडे व गंजे. म्हणून १९८४ सालीं विटांच्या पक्क्या घुमटाचें ‘दीनबंधु’ संयंत्र निघालें. आपल्याकडे देहू येथें डॉ. मापुसकर यांनीं शौचकूपास जोडलेल्या संयंत्रांचा पुरस्कार केला.

आतां हिशेब पाहूं. चार-पांच मोठ्या जनावरांचें रोजचें सुमारें ५० किलो शेण तितक्याच पाण्यांत कालवून टाकलें म्हणजे दोन घनमीटर वायु मिळतो. पांच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. एक घनमीटर वायूची उष्णता सिलिंडरांतील सुमारें ०.४३ किलो गॅसइतकी धरली, तर महिन्याकांठीं जवळजवळ २६ किलो, म्हणजे सुमारें पावणेदोन सिलिंडरांचें जळण घरचें होतें.

पण केवळ जळणाकडे पाहणें म्हणजे अर्धाच लाभ मोजणें होय. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तर त्यांतील नत्र धुराबरोबर जातें. उघड्या उकिरड्यावरील नत्र ऊन-पाऊस नेतात. संयंत्रांत मात्र जळणारा वायु तेवढा निघून येतो. नत्र, स्फुरद व पालाश बाहेर पडणाऱ्या स्लरींत राहतात. ही स्लरी युरियाची सर्व जागा घेईल असें नाहीं. तथापि माती तपासून युरियाची मात्रा जेवढी कमी करतां येईल, तेवढा परदेशी वायु वांचला व जमिनीस सेंद्रिय द्रव्यही मिळालें.

मग पुष्कळ गांवीं बंद पडलेलीं संयंत्रें कां दिसतात? अनुदानाच्या मोहानें बांधलेलें संयंत्र पुढें जनावरें विकल्यावर उपाशी राहतें. कोठें उन्हाळ्यांत कालवण्यास पाणी उरत नाहीं. कोठें घुमटास बारीक तडा जाऊन वायु गळतो, आणि गवंडी सांपडत नाहीं. थंडींत वायु कमी येतो, तेव्हां संयंत्रच बिघडलें असा समज होतो. रोजच्या कालवण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रियांवर पडतें. त्यांचा विचार न घेतां बांधलेलें संयंत्र फार दिवस चालत नाहीं.

यास्तव प्रत्येक शेतकरीबंधूनें प्रथम एक आठवडा आपल्या गोठ्यांतील शेण रोज वजन करून वहींत लिहावें, व उन्हाळ्यांतील पाण्याचा अंदाज घ्यावा. शेण २५ किलोच असेल तर एक घनमीटराचेंच संयंत्र बांधावें. शेजाऱ्याचें मोठें आहे म्हणून आपलेंही मोठें करूं नये. त्याहून कमी शेण असेल तर संयंत्राच्या भरीस न पडतां उकिरड्यास खड्डा व सांवली करावी. देशाच्या तेलाचा प्रश्न राजधानींत सुटेल तेव्हां सुटो. गोठ्यांतील नत्र व वायु वाया जाऊं न देणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.