ग्लू गन घेताना: वॅट, कांडी आणि हाताची काळजी

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारचा हस्तकला वर्ग सुरू केला. पुठ्ठ्याची मॉडेल, राख्या, आकाशकंदील अशी कामे. वर्गणीत फार पैसे नव्हते, म्हणून बाजारातल्या सगळ्यात स्वस्त दोन ग्लू गन उचलून आणल्या. तिसऱ्याच रविवारी एका गनचे टोक सैल झाले आणि वितळलेला गोंद आठवीतल्या एका मुलीच्या बोटांवर सांडला. घाबरून तिने तो ओढून काढला, त्याबरोबर कातडीही निघाली. जखम भरली, पण गन निवडणारे आम्हीच होतो, ही बोच राहिली. त्यानंतर आम्ही हे हत्यार नीट समजून घेतले. जे कळले ते येथे मांडत आहोत. घरातल्या कोपऱ्यात छोटी कार्यशाळा थाटू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला आणि बचत गटाला ते उपयोगी पडावे.

गन करते काय?

ग्लू गनमधली पांढरट कांडी हा एक प्लास्टिकसारखा पदार्थ असतो. सर्वसाधारण कांडीत इथिलीन व्हिनाइल असिटेट, चिकटपणासाठी राळ आणि थोडे मेण असते. तापवले की ती वितळते, थंड झाली की पुन्हा घट्ट होते. फेव्हिकॉलसारखा गोंद त्यातले पाणी उडून गेल्यावर वाळतो. येथे वाळण्याचा प्रश्नच नसतो, फक्त थंड होणे असते. म्हणून जोड अर्ध्या-एक मिनिटात धरतो. पण याच कारणाने हात चालवायलाही तेवढाच वेळ मिळतो. गोंद लावून गप्पा मारत बसलो की जोड कच्चा राहतो.

वॅटविषयीचा गैरसमज

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटची देऊ?" जास्त वॅट म्हणजे जास्त गरम, असे आम्हालाही वाटत होते. ते तसे नाही. घरगुती गनमध्ये बहुधा सिरॅमिकची एक छोटी चकती तापते. ती ठरावीक उष्णतेला पोहोचली की तिचा विद्युत रोध झपाट्याने वाढतो आणि वीज कमी खेचली जाते. म्हणजे गन स्वतःच स्वतःला आवरते. वॅट सांगतात ते एवढेच की गन किती लवकर तापेल आणि नवी कांडी आत सरकत असताना गेलेली उष्णता किती वेगाने भरून काढेल.

यावरून निवड सोपी होते. राख्या, कागदी फुले, दागिने अशा बारीक कामाला 20 वॅटची छोटी गन पुरते. पुठ्ठ्याची मोठी मॉडेल, बांबू, लाकडी पट्ट्या, देखाव्याची कमान अशी कामे सलग तासभर करायची असतील, तर 60 ते 100 वॅटची गन घ्यावी. छोट्या गनने मोठे काम काढू गेले की कांडी पुरती वितळत नाही, आपण घोडा जोरात दाबतो आणि आतला दाता तुटतो. विजेच्या बिलाची भीती बाळगू नये. 60 वॅटची गन सलग तीन तास चालवली तरी 0.18 युनिटपेक्षा जास्त वीज लागत नाही.

कांडीची जाडी आधी पाहा

छोट्या गनला साधारण 7 मिलिमीटरची कांडी लागते, मोठ्या गनला 11 मिलिमीटरची. एकीची कांडी दुसरीत चालत नाही. आपल्या भागातल्या दुकानात कोणती जाडी कायम मिळते ते विचारून मगच गन घ्यावी. ऐन कामाच्या रात्री कांडी संपली आणि मिळाली नाही, तर गन शोभेची वस्तू ठरते. दुसरे म्हणजे कांड्या नगावर न घेता वजनावर तोलून पाहाव्यात. सारख्याच लांबीच्या 11 मिलिमीटरच्या कांडीत 7 मिलिमीटरच्या कांडीच्या जवळजवळ अडीच पट गोंद असतो. बारीक कांड्यांचे पाकीट स्वस्त दिसते, पण नेहमी तसे असतेच असे नाही.

कमी उष्णता की जास्त?

काही गन साधारण 120 अंश सेल्सियसला काम करतात, तर नेहमीच्या गन 190 अंशांच्या आसपास. दोन्ही उष्णता देणाऱ्या, बटण असलेल्या गनही मिळतात. लहान मुलांसोबत काम असेल, पातळ कापड, फुगे किंवा फोम चिकटवायचा असेल, तर कमी उष्णतेची गन बरी. तिला कमी उष्णतेत वितळणारी कांडीच घालावी. लाकूड, जाड पुठ्ठा, बांबू यांना मात्र जास्त उष्णता हवी, नाहीतर गोंद वरच गोठतो. 2018 साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. त्यानंतर आपली बरीच कामे पुठ्ठा आणि बांबूवर आली आहेत. म्हणून एकच गन घ्यायची असेल, तर आमचा कौल दोन उष्णतांच्या, 11 मिलिमीटरच्या गनला आहे.

एक लक्षात ठेवावे: कमी उष्णतेची गनही चटका देतेच, फक्त जखम कमी खोल होते.

दुकानात हातात घेऊन पाहा

- टोक घट्ट बसलेले आहे का? त्यावर रबरी आवरण आहे का? आमची चूक येथेच झाली होती.
- पुढचा तारेचा पाय उघडून गन टेबलावर ठेवा. हलका धक्का लागताच ती कलंडत असेल तर घेऊ नका.
- चालू-बंद बटण आणि दिवा आहे का? बटण नसलेली गन प्लग काढेपर्यंत तापत राहते.
- वायर मऊ आणि किमान दीड मीटर लांब हवी. आखूड वायर ओढली गेली की गन खाली येते.
- अंगावर 230 व्होल्ट आणि वॅट स्पष्ट छापलेले हवेत. प्लग दोन पिनांचा असेल, तर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण पाहावी.
- दुकानदाराला गन लावून दाखवायला सांगा. चार-पाच मिनिटांत ती तयार व्हावी, जळका वास येऊ नये. पक्के बिल घ्या.

काय जमणार नाही

हा गोंद सगळ्याला चालत नाही. पॉलिथीन, सिलिकॉन, गुळगुळीत काच, तेलकट पत्रा यांच्यावर तो सोलून निघतो. उन्हातही तो मऊ पडतो. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्यावर किंवा मिरवणुकीच्या गाडीवर केवळ ग्लू गनच्या भरवशावर काहीही टांगू नये. जेथे वजन आहे, खाली माणसे आहेत, तेथे तार, खिळा, स्क्रू हवाच. गोंदाने फक्त जागा धरून ठेवायची.

वापरताना आणि चटका बसल्यावर

गन आडवी ठेवू नये, गोंद मागे वाहून आतली यंत्रणा बंद पडते. अर्धी कांडी मागून उपसू नये. काम दहा मिनिटांहून जास्त थांबणार असेल तर प्लग काढावा. शेजारी पाण्याची बादली ठेवावी.

चटका बसलाच तर चिकटलेला गोंद ओढू नये. जागा तत्काळ वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. सूज येण्याआधी अंगठी, बांगडी काढावी. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड आला, गोंद सुटत नसेल किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ उडाला असेल, तर सरळ दवाखाना गाठावा.

एक सूचना

प्रत्येक घराने स्वतंत्र गन घेण्याची गरज नाही. वर्षात चार वेळा लागणारी वस्तू पाच-सहा घरांनी मिळून एक चांगली घ्यावी, अभ्यासिकेत ठेवावी, वहीत नोंद करून न्यावी-आणावी. आम्ही आता तसेच करतो. स्वस्तातल्या दोन गनऐवजी एक बरी गन आहे आणि ती कशी धरायची हे नव्या मुलांना जुनी मुले शिकवतात. हे शिकवण्याचे काम सध्या त्या आठवीतल्या मुलीकडे आहे. ती आता नववीत गेली आहे आणि गन हातात देण्याआधी प्रत्येकाला टोक घट्ट आहे का ते तपासायला लावते.