टाकाऊ रेणूचा पराक्रम

पाव मिलिग्रॅम म्हणजे किती? साखरेचा एक दाणादेखील त्याहून जड असतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या औषधशास्त्रज्ञांनी १२ धडधाकट स्वयंसेवकांना रेपाग्लिनाइड हे मधुमेहावरचं औषध एवढ्याच मात्रेत दिलं आणि पुढचे काही तास ते त्यांचं रक्त तपासत राहिले. प्रयोगाच्या एका फेरीत त्याआधी तीन दिवस या मंडळींना जेम्फिब्रोझिल चालू केलेलं होतं. हे रक्तातली चरबी उतरवणारं औषध, मधुमेहासाठी ते देत नाहीत. पण त्या फेरीत शरीराला पोचलेलं रेपाग्लिनाइड एरवीच्या आठपट भरलं. सात तासांनी रक्तात उरलेलं तर जवळजवळ २९ पट! गोळी तीच, माणसंही तीच. हा निकाल २००३ साली प्रसिद्ध झाला आणि औषधशास्त्रातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

रेपाग्लिनाइडची सगळी खुबी त्याच्या अल्पायुष्यात आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि तासाभरात रक्तातून निम्मं नाहीसं होतं. म्हणून ते जेवणाआधी घ्यायचं. जेवण नाही तर गोळीही नाही. ताटातली साखर रक्तात उतरते तेव्हा इन्सुलिन हजर असतं, ती ओसरते तोवर औषधही ओसरलेलं असतं. हेच औषध रेंगाळलं तर? जेवण पचून गेलं तरी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतच राहतं. मग हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्याला आपण घरीदारी ‘शुगर डाउन झाली’ म्हणतो ते हेच, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर ते जिवावरही बेततं.

बरं, ही दोन औषधं एका पेशंटच्या डबीत येणं मुळीच दुर्मीळ नव्हतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा वचक कमी झाला की यकृत ट्रायग्लिसराइडं जास्त बनवू लागतं, आणि ट्रायग्लिसराइडं खाली आणणं हीच तर जेम्फिब्रोझिलची ख्याती. गंमत म्हणजे ही ख्याती त्याला मिळवून दिली तीही हेलसिंकीनेच. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलसिंकी हार्ट स्टडी’त ४,०८१ पुरुषांपैकी ज्यांना हे औषध दिलं होतं, त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना ३४ टक्क्यांनी कमी आढळल्या. ज्या शहराने नावाजलं, त्याच शहराने पुढे त्याची खोड उघडकीला आणली.

ही खोड कळते ती यकृतात शिरल्यावर. बाहेरून आलेली औषधं फोडून शरीराबाहेर काढण्याजोगी करणं हे यकृतातल्या एन्झाइमांच्या एका मोठ्या कुळाचं काम. त्यातलं सीवायपी २सी८ नावाचं एन्झाइम रेपाग्लिनाइडच्या वाट्याला आलेलं आहे. जेम्फिब्रोझिल त्याला अडवत असणार, हा तर्क सरळ होता. पण काचनळीतले प्रयोग वेगळंच सांगत होते. तिथे जेम्फिब्रोझिल जोरात अडवत होतं ते शेजारच्या २सी९ या एन्झाइमला. रक्त पातळ करणारं वॉरफरिन प्रामुख्याने या २सी९च्या हवाली असतं. मग जेम्फिब्रोझिलसोबत वॉरफरिन वाढायला हवं ना? माणसांत पाहिलं तर ते वाढण्याऐवजी थोडं कमीच झालं! काचनळी एक सांगत होती, शरीर दुसरंच.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतो तो या कोड्याचा उलगडा. नको असलेला रेणू बाहेर घालवायचा तर यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल नावाचं शेपूट जोडतं. शेपूट लागलं की रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि मूत्रातून किंवा पित्तातून निघून जातो. शेपूट लागलं म्हणजे औषधाचं काम संपलं, आता ते निरुपद्रवी, असंच सहसा धरून चालतात. जेम्फिब्रोझिलच्या बाबतीत नेमका हा शेपटीवाला रेणूच उपद्व्यापी निघाला. घंटागाडीत टाकायला बांधून ठेवलेल्या पिशवीनेच गाडीचं चाक जाम करावं, तसला प्रकार. काचनळीतल्या मिश्रणात शेपूट जोडायची सामग्रीच नव्हती, त्यामुळे हा गुन्हेगार तिथे जन्मालाच आला नव्हता.

तो करतो काय, हे २००६ साली आणि त्यानंतर झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. २सी८च्या पोटात एक हीम असतं, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच लोह धरून बसलेला गट. एन्झाइम इमानेइतबारे या शेपटीवाल्या रेणूवर काम सुरू करतं. त्या कामातच रेणूचं एक अतिशय चंचल रूप तयार होतं आणि ते तिथल्या तिथे हीमला कायमचं चिकटतं. ते एन्झाइम आपल्याच कामाने बाद झालं! आता यकृताने नवं घडवलं तरच गाडं पुढे सरकणार.

दोष फक्त २सी८चा नाही. रेपाग्लिनाइडला रक्तातून यकृताच्या पेशीत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन असतं. जेम्फिब्रोझिल आणि त्याचा शेपटीवाला अवतार त्यालाही रोखतात.

याची जबर किंमत जगाने आधीच मोजली होती, फक्त कारण पुरतं उमगलं नव्हतं. सेरिव्हास्टॅटिन हे बायर कंपनीचं कोलेस्टेरॉलवरचं औषध. ऑगस्ट २००१मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. त्याने स्नायू विरघळू लागत आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडून माणसं दगावत. अमेरिकेत तोवर नोंदल्या गेलेल्या ३१ मृत्यूंपैकी १२ जण सोबत जेम्फिब्रोझिलही घेत होते. सेरिव्हास्टॅटिनचा निचराही बराचसा २सी८वर अवलंबून.

रेपाग्लिनाइड आणि जेम्फिब्रोझिल ही जोडी आता निषिद्ध आहे. फेनोफायब्रेट हा त्याच कुळातला भाऊ मात्र या बाबतीत सज्जन. हेलसिंकीतच तपासलं तेव्हा त्याने रेपाग्लिनाइड वाढवलं नाही. पण शेपटीची करामत इथेच थांबत नाही. हृदयरोग्यांच्या ओळखीचं क्लोपिडोग्रेल २०१४ साली तपासलं, तर त्याचाही शेपटीवाला अवतार तेच उद्योग करताना सापडला. त्याने रेपाग्लिनाइड चार ते पाच पटींनी वाढवलं.

एक गोष्ट व्यवहारात उपयोगी पडणारी. बाद झालेल्या २सी८च्या जागी नवं यायला वेळ लागतो. हेलसिंकीच्या गटाने तो मोजला, तेव्हा निम्मी भरपाई व्हायला २२ तास आणि पूर्ववत व्हायला चार दिवस लागतात असं दिसलं. म्हणजे जेम्फिब्रोझिल रक्तातून गेलं तरी त्याचा अंमल चालूच असतो. तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं तर ‘ती गोळी तर सोमवारीच बंद केली’ म्हणून गप्प बसू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांसोबत नुकत्याच बंद केलेल्या गोळ्याही त्यांना सांगा, शेवटची कधी घेतली त्या तारखेसकट. आणि स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी सोडू नका.