आधी ट्रेनिंग, मग नोकरी... आणि बॉण्ड?

इंजिनीअरिंगचा शेवटचा पेपर झाला की मंचरच्या एसटी स्टँडवर दोनच प्रश्न विचारले जातात. ‘लागला का कुठे?’ आणि ‘पॅकेज किती?’ पहिल्याचं उत्तर हल्ली बरेचदा असं येतं, ‘लागलोय, पण अजून ट्रेनिंग आहे.’ या ‘पण’मध्ये काय काय दडलंय ते जरा बघू या.

फंडा साधा आहे. कंपनी फ्रेशर्स घेते, तीन-चार महिने जावा, एसक्यूएल, टेस्टिंग शिकवते, स्टायपेंड देते आणि मग क्लायंटकडे कामाला पाठवते. क्लायंट तुमच्या कामाचे पैसे कंपनीला मोजतो, त्यातला काही भाग तुमचा पगार. बदल्यात दोनेक वर्षांचा बॉण्ड. आधी फी घेऊन ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट’चा बोर्ड लावणारे क्लास वेगळे. ते नोकरी देणारे नव्हेतच, त्यांना यात धरू नका.

मी याच वाटेनं आले. गाव घोडेगाव, कॉलेज अवसरीचं सरकारी इंजिनीअरिंग. आमच्याकडे अवसरी, कुरण, ओतूर, बेल्हे अशी कॉलेजं आहेत, पण कॅम्पसला कंपन्यांची पुण्यासारखी रांग लागत नाही. आणि पुण्यात तरी काय? जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीतल्या वॉक-इनच्या रांगेचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. तीनेक हजार इंजिनीअर हातात फाइल घेऊन उभे! ते बघितल्यावर ‘ट्रेनिंग प्लस जॉब’ म्हणणारी कंपनी देवासारखी वाटली तर नवल नाही.

फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. कॉलेजात चार वर्षांत जेवढा कोड लिहिला नव्हता, तेवढा मी तीन महिन्यांत लिहिला. क्लायंटशी फोनवर इंग्रजीत बोलताना घशाला पडणारी कोरड तिथेच गेली. आणि सीव्हीवर ‘एक्स्पिरियन्स’ या शब्दाखाली पहिल्यांदा काहीतरी आलं. बॉण्ड संपल्यावर दुसरीकडे गेले तेव्हा पगार जवळजवळ दुप्पट झाला. त्या पहिल्या कंपनीशिवाय हे झालं नसतं.

आता दुसरी बाजू. जॉइनिंगच्या दिवशी एचआरनं ओरिजिनल मार्कशीट्स मागितल्या आणि ‘सेफ कस्टडी’ म्हणून ठेवून घेतल्या. बॉण्ड दीड लाखाचा, त्यावर आप्पांची जामीनदार म्हणून सही. आमच्या बॅचमधल्या काही जणांना चार महिने प्रोजेक्टच मिळाला नाही. बेंचवर पगार निम्मा, वाकडच्या रूमचं भाडं मात्र पूर्ण. सोडून जावं तर मार्कशीट्स कपाटात आणि दीड लाख डोक्यावर. दीड लाख म्हणजे काय, हे नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घालणाऱ्या घरात समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०२३ मध्ये क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता हे खरं, पण तोच माल रस्त्यावर ओतून द्यायची वेळही त्याच घरांनी पाहिलीय.

‘बॉण्डला कोर्टात काही किंमत नसते’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मिळते, हे बरोबर. पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, हे मुद्दे त्यात होते. तरी ‘बॉण्ड म्हणजे नुसता कागद’ असं समजून सही करायचे दिवस गेले.

मोठं नाव असलं की सगळं सेफ, असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर याल का, असं विचारलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या कॅम्पसमधून ट्रेनींना घरी पाठवलं, तीन संधी देऊनही परीक्षा पास झाले नाहीत म्हणून. कंपनीचा आकडा तीनशेहून अधिक, पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेचा सातशे. त्यातल्या अनेकांनी जॉइनिंगसाठीच दोन वर्षं वाट पाहिली होती. फरक एवढाच, की तिथे शिकताना निदान राहायची सोय आणि नाव तरी मोठं.

मला विचाराल तर हातात दुसरी ऑफर नसेल आणि बॉण्ड दीड-दोन वर्षांच्या आत असेल, तर जा. नारायणगावला शेतकरी पट्टी हातात आली की आधी कापलं काय ते बघतो, मग रक्कम. ऑफर लेटर तसंच वाचा. स्टायपेंड पगारातून पुढे कापणार का? बेंचवर किती मिळणार? बॉण्ड कधीपासून मोजणार, जॉइनिंगपासून की ट्रेनिंग संपल्यावर? (इथेच चार महिने गुपचूप वाढतात.) वर्षभर काम केल्यावर रक्कम कमी होणार की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच? आणि ओरिजिनल्स दाखवा, झेरॉक्स द्या, पण कपाटात ठेवायला देऊ नका.

ओझरच्या माझ्या आत्तेभावाला गेल्या महिन्यात अशीच ऑफर आली. ‘ताई, एवढं विचारलं तर ऑफर कॅन्सल करतील,’ म्हणत होता. शेवटी दोघांनी बसून मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं. बॉण्डची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल, मोजणी जॉइनिंगपासून, ओरिजिनल्स फक्त पडताळणीसाठी. बेंचच्या पगाराबद्दल मेलमध्ये एक अक्षर नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलंय. जॉइनिंग सोमवारी आहे.