हॉर्न ओके, वेटिंग प्लीज!

ऑफिसची लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली तरी आपलं डोकं फिरतं. मोरा बंदराच्या शेजारी मात्र हजारो माणसं रोज तासन् तास थांबतात आणि त्याला नोकरी म्हणतात...

वीकएंडला कधी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली आहे? नसेल तर एकदा पकडाच. अटल सेतू आणि उरण लोकल एकाच दिवशी, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाले, त्यामुळे आता उरणला जायला लाँचच हवी असं राहिलेलं नाही. पण समुद्रातून जाण्याची मजा वेगळी. घारापुरी बाजूला राहते आणि डाव्या हाताला एक लांबलचक रांग दिसायला लागते, पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या अजस्र क्रेन्सची. हेच ते न्हावा शेवा, म्हणजे जेएनपीटी.

मोऱ्याचा एक फंडा नव्या माणसाला माहीत नसतो. ओहोटी मोठी असेल तर गाळामुळे लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. मग भरती येईपर्यंत बसा! मोऱ्यातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. ऑफिसात मस्टर कुठलंही असो, इथे चंद्राचं टाइमटेबल चालतं, हे त्याला लहानपणापासून पाठ असतं.

धक्क्यावरून रिक्षा केलीत आणि उरण, बोकडवीरा, नवघर करत करळ फाट्याकडे निघालात, की थांबलेली दुसरी जमात दिसते. चाळीस फुटी कंटेनर पाठीवर घेतलेले ट्रेलर, एकामागे एक. चेसिसच्या सावलीत कुणी आडवा झालेला, कुणी टायरला टेकून मोबाइलवर सिनेमा बघतोय, कुणी कॅनमधल्या पाण्याने दाढी करतोय. यांच्या थांबण्याला भरती-ओहोटीचं कॅलेंडर नाही. आणि या लेखाचा विषय तोच आहे, कारण मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर असणं म्हणजे गाडी चालवणं, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

रात्रीची शिफ्ट

समजा, हा जॉब तुम्हाला लागलाय. चाकणच्या कारखान्यात तुमच्या ट्रेलरवर एक्स्पोर्टचा कंटेनर लोड झाला. दाराला सील लागलं. तुम्ही चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक हाताने तपासले, कारण वळणावर कंटेनर सुटला तर पुढचं कुणी सांगायला नको. पुढचा भाग, म्हणजे इंजिन आणि केबिन, त्याला या लाइनमध्ये ‘घोडा’ म्हणतात. घोडा, ट्रेलर आणि माल मिळून वजन चाळीस टनांच्या घरात. म्हणजे साधारण चाळीस छोट्या कार एकदम तुमच्या पाठीवर!

एक्स्प्रेस वेवर तुम्ही डावी लेन धरता. मागून कुणी तरी गोव्याला निघाल्यासारखा हॉर्न मारत कट मारतो. (तो बहुधा आपल्यापैकीच असतो.) बोरघाट उतरताना साधा नियम: घाट ज्या गिअरवर चढायचा, त्याच गिअरवर उतरायचा. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. मग पळस्पे, गव्हाण फाटा, जासई, करळ. अंतर साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तर पहाटेच्या आत पोर्टच्या तोंडाशी.

आणि आता खरी शिफ्ट सुरू होते.

जहाजाची कट-ऑफ असते, म्हणजे त्या वेळेआधी कंटेनर आत गेला पाहिजे. डेडलाइनच म्हणा ना. पण ती तुमच्या हातात नाही. आधी ट्रेलर पार्किंग प्लाझात न्यायचा. जेएनपीटीचा हा प्लाझा दीड हजारांच्या आसपास ट्रेलर मावतील एवढा मोठा आहे. तिथे कागद तपासले जातात. ‘फॉर्म १३’ मिळाल्याशिवाय टर्मिनलचं गेट नाही. कुठे नंबर जुळत नाही, कुठे कस्टम्सची मंजुरी अडकलेली, कुठे जहाजच लेट म्हणून गेट अजून ओपन झालेलं नाही. चूक तुमची नसते. ती कुठल्या तरी ए.सी. ऑफिसातल्या एक्सेल शीटमधली असते. पण रांगेत उभे तुम्ही.

गेटमधून आत गेल्यावर काम म्हणाल तर मिनिटांचं. यार्डातली क्रेन येते, ट्विस्ट लॉक सुटतात, कंटेनर अलगद उचलला जातो, ट्रेलर हलका होऊन किंचित वर येतो. झालं! एवढ्यासाठी रात्र गेली, आणि कधी कधी पुढचा दिवसही.

गाडी हेच घर, पण बाथरूम कुठाय?

सीटच्या मागे एक फळी असते, तो बेड. बाजूच्या पेटीत तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि छोटा गॅस. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, आता बरेचदा ड्रायव्हर एकटाच. रांग कधी पुढे सरकेल याचा नेम नसल्याने झोपही हप्त्याहप्त्याने. डोळा लागला आणि पुढची गाडी दहा मीटर सरकली, की मागचे हॉर्न सुरू. आपण ‘पॉवर नॅप’ म्हणतो ना, तीच इथे मुख्य झोप.

टॉयलेटचा विषय ग्लॉसी पानावर शोभत नाही, तरी काढायलाच हवा. प्लाझात सोय आहे, पण रस्त्यावरच्या रांगेत काय? पुरुष निभावून नेतात. म्हणूनच नंदुरबारमध्ये वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचं कौतुक वाटतं. कायद्याची पदवी घेतलेल्या या बाईंनी २००३ मध्ये नवरा गेल्यावर मुलांसाठी ट्रकचं स्टिअरिंग हातात घेतलं. देशातल्या पहिल्या महिला ट्रकचालकांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्यामागे मोठी रांग का लागली नाही, याचं उत्तर स्टिअरिंगमध्ये शोधू नका.

कंट्रोल रूमचा कॉल

आपल्याकडे बहुतेक ट्रक हे एक, दोन, फार तर पाच गाड्या असलेल्या मालकांचे. तिथे बॉस म्हणजे शेठ. शेठ शिव्या घालतो, पण पोरीच्या लग्नाला उचलही देतो. मोठ्या कंपनीत शिव्या नाहीत. पीएफ आहे, युनिफॉर्म आहे, पगार खात्यात जमा होतो, डिझेलसाठी कार्ड मिळतं. बदल्यात गाडीत जीपीएस, टाकीत सेन्सर, काही गाड्यांत तोंडावर रोखलेला कॅमेरा. दहा मिनिटं चहाला थांबलात की कॉल: ‘गाडी का थांबली?’ आपल्या बॉसने टी-ब्रेकवर असा पहारा ठेवला तर आपण दुसऱ्या दिवशी रेझ्युमे अपडेट करू.

गंमत पुढे आहे. त्याच स्क्रीनवर तीच गाडी पोर्टच्या रांगेत दहा तास उभी दिसते, तेव्हा कॉल येत नाही. ते थांबणं ‘नॉर्मल’. शिवाय कमाईचा मोठा भाग ट्रिपवर असतो. फेऱ्या जास्त तर भत्ता जास्त. रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली फेरी. ती भरून काढायची कशी? झोप कापून. हायवेवर मध्यरात्री एखादा ट्रेलर लेनमधून हळूच तिरका जाताना दिसला, तर त्याच्या मागच्या वीस तासांचा हिशेब रस्त्यावर नाही, रांगेत मांडायला हवा.

एक आणखी बारकावा. दारावर मोठ्या कंपनीचं नाव असलेली प्रत्येक गाडी कंपनीची नसते. कित्येक गाड्या ‘अटॅच’ असतात, छोट्या मालकाच्या, कंपनीच्या कामावर लावलेल्या. रंग तोच, लोगो तोच, पीएफ मात्र कुणाचा कोण जाणे!

पंधरा मिनिटांचा कायदा

कायदा काय म्हणतो? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून देत होता. कामाचे तास म्हणजे काय, तेही त्यात लिहिलं होतं: गाडी चालवण्याचा वेळ, तिच्याशी निगडित बाकीची कामं, आणि टर्मिनसवर ‘नुसतं हजर राहणं’. पण हे हजर राहणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच! चौदा मिनिटं थांबलात तर काम, चौदा तास थांबलात तर... काय म्हणायचं त्याला? नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण तब्बल सहा दशकं आपल्या कायद्याची थांबण्याबद्दलची समज ही अशी होती. मुळात तो बनला तेव्हा कंटेनर नावाची पेटी आपल्याकडे आलेलीही नव्हती.

युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. साडेचार तास चालवलं की पाऊण तासाची विश्रांती सक्तीची, आणि ड्रायव्हर चालवतोय, इतर काम करतोय, विश्रांती घेतोय की नुसता हजर राहून वाट बघतोय, हे वेगवेगळं नोंदवलं जातं. वाट बघण्यासाठी चक्क एक चिन्ह आहे: चौकोन आणि त्यातून गेलेली तिरपी रेघ. अमेरिकेत साधारण दोन तासांपुढे माल उतरवणाऱ्याने थांबवून ठेवलं तर त्याचा आकार लावायची पद्धत आहे. तिथले ड्रायव्हर खूश आहेत असं अजिबात नाही, पण निदान घड्याळ तरी चालू असतं.

युक्रेनचा व्हायरस, नाशिकचा कांदा

या रांगेचं टोक कुठे असेल सांगता येत नाही. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा कॉम्प्युटर व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या बड्या शिपिंग कंपनीची सिस्टिम झोपली आणि तिच्याच ग्रुपचं न्हावा शेव्यातलं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेन नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलेल्या ड्रायव्हरनी उरणच्या पावसात त्याची किंमत मोजली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा पोर्टापर्यंत आलेला कांदा कंटेनरमध्येच अडकला. निर्णय दिल्लीत, शेत नाशिकला, रांग मात्र उरणमध्ये.

त्यानंतर महिन्याभरातच आपणही रांगेत उभे राहिलो, आठवतंय? जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर झुंबड उडाली होती. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पळालो नाही तर जमाव मारतो, असं त्यांचं म्हणणं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं.

उरणकरांची बाजूही ऐकायला हवी. सिडकोच्या नव्या शहरासाठी इथली जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. पोर्ट सुरू झालं २६ मे १९८९ ला. २०२४-२५ मध्ये इथून वीस फुटी मापात मोजले तर सुमारे ७३ लाख कंटेनर गेले-आले. गावातल्या पोराला आतली नोकरी हवी असते. त्याच्या वाट्याला येतो तो सर्व्हिस रोडवर उभा राहिलेला ट्रेलर, आणि त्याच्या आडून बाइक काढताना होणारे अपघात. तो ड्रायव्हरवर चिडतो. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा, नाहीतर बीड-सोलापूरचा. त्यालाही तिथे उभं राहायची हौस नसते.

यावर उपाय निघालेच नाहीत असं नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीने ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हणायला सुरुवात केली. चार-पाच तास चालवायचं, गाडी पुढच्या पायलटच्या हाती द्यायची, उलट फेरी घेऊन त्याच दिवशी घरी. आयडिया भन्नाट! पण २०२२ मध्ये रिव्हिगोला आपला एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्र लॉजिस्टिक्सला विकावा लागला. आणि पोर्टच्या ट्रेलरला ही रिले लागू पडणं मुळातच कठीण आहे. पुढचा पायलट बोलवायचा तो किती वाजता? गेटच्या आत गाडी कधी जाईल हेच ठाऊक नसेल तर बॅटन कुणाच्या हातात देणार?

थोडं थोडं बदलतंय. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांती-इमारतींची घोषणा केली. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला ए.सी. सक्तीचा झाला. नव्याने बनणाऱ्या, बरं का. उरणच्या रस्त्यावरचे बहुतेक घोडे त्याआधीचे आहेत आणि अजून बरीच वर्षं धावणार आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची द्राक्षं युरोपला निघतात. रेफर कंटेनर, आत शून्य-एक अंश, वीज पुरवायला वेगळा जनरेटर. रांगेत उभं असताना ड्रायव्हर अधूनमधून खाली उतरतो, कंटेनरच्या पाटीवरचं तापमान बघतो, दोन अंश चढलं तर लगेच फोन करतो. मग परत केबिनमध्ये चढतो आणि पाण्यात भिजवलेला टॉवेल खिडकीला लावतो.